जोडीदाराच्या चुकीचा कर आपल्या माथी: अमेरिकेतील ‘इनोसंट स्पाउस’ तरतुदी समजून घेताना

भारतात आयकराच्या दृष्टीने पती आणि पत्नी हे दोन वेगळे करदाते असतात. प्रत्येकाचा पॅन निराळा, विवरणपत्र निराळे आणि थकबाकीही सहसा ज्याची त्याची. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पगार वगळता दांपत्याचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते, पण तिथेही विवरणपत्रे दोनच भरली जातात. अमेरिकेत मात्र बहुतेक विवाहित दांपत्ये एकच संयुक्त विवरणपत्र, म्हणजे जॉइंट रिटर्न, भरतात. त्यात कराचे टप्पे सोयीचे पडतात, प्रमाणित वजावट दुप्पट मिळते आणि काही सवलती तर वेगळे विवरणपत्र भरणाऱ्या विवाहितांना मिळतच नाहीत. एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा तरुण पुण्याला किंवा नागपूरला येऊन लग्न करतो, तेव्हा पत्नी त्या वर्षी कराच्या दृष्टीने अनिवासी असली, तरी दोघांनी तसा पर्याय निवडल्यास तिला वर्षभरासाठी निवासी धरून संयुक्त विवरणपत्र भरता येते. मग ठाण्यातल्या फ्लॅटचे भाडे आणि भारतातल्या मुदत ठेवींवरचे व्याज धरून दोघांचे जगभरातील उत्पन्न त्यात दाखवावे लागते. हा सगळा व्यवहार बहुतेक घरांत एकच जण पाहतो, आणि दुसऱ्याची सही म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला पाच आकडी पिन असतो.

त्या सहीचा परिणाम मोठा आहे. अमेरिकी करसंहितेच्या कलम ६०१३ नुसार संयुक्त विवरणपत्रावरील करासाठी दोघेही एकत्रितपणे आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. मूळ विवरणपत्रात दाखवलेला पण न भरलेला कर, नंतरच्या तपासणीत वाढलेला कर, त्यावरचे व्याज आणि बहुतेक दंड, ही सगळी रक्कम अमेरिकेचे महसूल खाते, म्हणजे आयआरएस, दोघांपैकी कोणाहीकडून पूर्णपणे वसूल करू शकते. ते उत्पन्न आपण कमावलेले नाही किंवा आपल्या खात्यात कधी आलेच नाही, एवढे सांगून भागत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की जामीनदाराला आपण कशावर सही करत आहोत हे निदान ठाऊक असते.

घटस्फोटानेही ही जबाबदारी संपत नाही, आणि या बाबतीत गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. ‘अमुक वर्षांचा कर पती भरील’ असे घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात स्पष्ट लिहिलेले असले, तरी ते आयआरएसवर बंधनकारक नसते, कारण आयआरएस त्या दाव्यात पक्षकार नसते. हुकूमनाम्याच्या जोरावर पत्नीला माजी पतीकडून रक्कम मागता येते, पण आयआरएसच्या मागणीला तो परस्पर उत्तर ठरत नाही. पुढे येणाऱ्या सुटकेच्या एका मार्गात हुकूमनाम्यातील त्या अटीचा काही उपयोग होतो, तेवढाच.

अमेरिकेत संयुक्त विवरणपत्राची सोय १९१८ पासून आहे आणि दोघांची ही सामाईक जबाबदारी १९३८ मध्ये कायद्यात लिहिली गेली. पतीने अफरातफर केलेल्या पैशावरचा कर, त्यातले काहीच ठाऊक नसलेल्या पत्नीकडून वसूल केला जाण्याचे प्रकार न्यायालयांपुढे येत राहिले, तेव्हा १९७१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, पहिली सूट दिली. पण तीही फक्त दडवलेले उत्पन्न दाखवलेल्या एकूण उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त असेल तरच. आजची व्यवस्था १९९८ च्या सुधारणा कायद्याने आली. तिचे कलम ६०१५ असून त्यात सुटकेचे तीन मार्ग आहेत. या कलमात कुठेही ‘पत्नी’ असा शब्द नाही, त्यामुळे पतीलाही तोच हक्क आहे. या लेखातील उदाहरणांत अर्जदार पत्नी धरली आहे, ती केवळ मांडणीच्या सोयीसाठी.

थकबाकी कोणत्या प्रकारची?

मार्ग निवडण्याआधी एक भेद समजून घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारात विवरणपत्रच चुकीचे असते: सल्लागारीतून मिळालेली रक्कम दाखवलेली नसते, धंद्याचा खर्च फुगवलेला असतो किंवा न बसणारी वजावट घेतलेली असते, आणि तपासणीनंतर कर वाढतो. दुसऱ्या प्रकारात विवरणपत्र अगदी बरोबर असते, पण त्यात दाखवलेला कर भरलेलाच नसतो. कलम ६०१५ मधील पहिले दोन मार्ग फक्त पहिल्या प्रकारासाठी आहेत. दुसऱ्या प्रकारात केवळ तिसरा मार्ग उरतो, आणि तो कठीण आहे, कारण कर देणे आहे हे विवरणपत्राच्या शेवटच्या ओळींत छापलेलेच असते.

तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत जुना असून ‘इनोसंट स्पाउस’, म्हणजे निर्दोष जोडीदार, हे नाव मुळात त्याचे आहे. चूक दुसऱ्या जोडीदाराच्या उत्पन्नाशी किंवा वजावटीशी संबंधित असली पाहिजे, सही करताना अर्जदाराला ती माहीत नसली पाहिजे आणि माहीत असायला हवी होती असे मानण्यास कारणही नसले पाहिजे, शिवाय सगळी परिस्थिती पाहता तिच्याकडून वसुली करणे अन्यायाचे ठरले पाहिजे. तो लग्न टिकून असतानाही खुला असतो. यात अर्जदाराने स्वतःच्या पैशातून भरलेल्या कराचा परतावा मिळण्याचीही शक्यता असते.

दुसरा मार्ग जबाबदारीच्या वाटणीचा आहे. तो घटस्फोटित, कायदेशीररीत्या विभक्त किंवा जोडीदार हयात नसलेल्या व्यक्तीसाठी, तसेच अर्ज करण्यापूर्वीचे १२ महिने एका घरात न राहिलेल्या जोडीदारांसाठी आहे. यात वाढलेला कर ज्याच्या त्याच्या चुकीच्या प्रमाणात विभागला जातो. समजा, पतीने ८०,००० डॉलरचे उत्पन्न दाखवले नाही, पत्नीने २०,००० डॉलरची न बसणारी वजावट घेतली आणि या दोन्हींमुळे कर ३०,००० डॉलरनी वाढला. एकूण एक लाखाच्या चुकीत तिचा वाटा एक पंचमांश, म्हणून तिच्यावर ६,००० डॉलर राहतात. या मार्गाची खरी ताकद पुराव्याच्या ओझ्यात आहे. इथे ‘माहीत असायला हवे होते’ एवढे पुरत नाही. अर्जदाराला ती बाब प्रत्यक्ष माहीत होती हे आयआरएसला सिद्ध करावे लागते. मात्र भरलेल्या कराचा परतावा या मार्गाने मिळत नाही, आणि कर चुकवण्यासाठी पतीने मालमत्ता पत्नीच्या नावावर केली असेल, तर तेवढ्या मर्यादेपर्यंत सूट नाकारली जाते.

वरच्या दोन्हींत जे बसत नाहीत, त्यांच्यासाठी तिसरा, न्याय्यतेवर आधारलेला मार्ग आहे. आयआरएस तो २०१३ मध्ये काढलेल्या आपल्या ३४ क्रमांकाच्या कार्यपद्धतीनुसार तपासते. लग्न टिकले आहे की नाही, कर भरावा लागला तर अर्जदाराला जीवनावश्यक खर्चही भागवता येणार नाही अशी स्थिती आहे का, तिला काय माहीत होते, हुकूमनाम्याने कर भरण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे, त्या पैशातून तिला नेहमीच्या गरजांपलीकडे मोठा लाभ झाला का, पुढच्या वर्षांत तिने स्वतःची विवरणपत्रे नीट भरली का आणि तिची शारीरिक-मानसिक प्रकृती कशी आहे, या गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. कोणतीही एक गोष्ट निर्णायक नसते. आर्थिक हलाखी मोजताना उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांच्या आत आहे का, हा एक सोपा निकष ठेवलेला आहे, अर्थात कर भरता येईल इतकी मालमत्ता गाठीशी नसेल तर.

‘मला माहीत नव्हते’ म्हणजे नेमके काय?

बहुतेक प्रकरणे इथेच जिंकली किंवा हरली जातात, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे.

विवरणपत्र न वाचता सही केली, हा बचाव नव्हे. सही करणाऱ्याने विवरणपत्र पाहिले आहे असेच धरले जाते, आणि त्यात काही ठळकपणे खटकणारे असेल तर विचारणा करण्याचे कर्तव्यही त्याच्यावर येते. त्यामुळे प्रश्न असा विचारला जातो की, त्या जागी असलेल्या समंजस माणसाला शंका आली असती का? याचे उत्तर शोधताना अर्जदाराचे शिक्षण, घरच्या आर्थिक व्यवहारांत तिचा सहभाग, दाखवलेल्या उत्पन्नाला न शोभणारा खर्च आणि पतीची लपवाछपवी या गोष्टी तपासल्या जातात. ९०,००० डॉलर उत्पन्न दाखवणाऱ्या घरात एकाच वर्षी नवी आलिशान गाडी आणि रोखीने घेतलेले दुसरे घर आले असेल, तर ‘मला काहीच कल्पना नव्हती’ हे पटवणे अवघड जाते. उलट पतीने वेगळे खाते उघडून त्याचे कागद घराबाहेरच ठेवले आणि राहणीमान जराही बदलले नाही, तर पत्नी उच्चशिक्षित असूनही तिचे म्हणणे टिकू शकते. अभियांत्रिकीची किंवा वाणिज्याची पदवी असणे म्हणजे अमेरिकी करकायदा कळणे नव्हे. परंतु ती पदवी अर्जात आलेली असते आणि तपासनीस ती वाचतो, हेही विसरू नये.

कायद्याच्या अज्ञानाला मात्र माफी नाही. पुण्याच्या फ्लॅटचे भाडे दरमहा येते हे पत्नीला ठाऊक होते, पण ते अमेरिकेत दाखवावे लागते हे ठाऊक नव्हते, अशी स्थिती असेल तर तिला ‘माहीत होते’ असेच धरले जाते. पाहिले जाते ते उत्पन्न माहीत होते का, त्यावरचा नियम माहीत होता का हे नव्हे. भारतातील उत्पन्नाच्या बाबतीत मराठी कुटुंबांचे अर्ज याच ठिकाणी अडण्याचा संभव सर्वांत जास्त आहे, असे मला वाटते, कारण भारतातील घर आणि ठेवी सहसा पती-पत्नी दोघांनाही माहीत असतात.

न भरलेल्या कराच्या प्रकारात हाच प्रश्न जरा वेगळा होतो. तिथे सही करताना, पती हा कर वाजवी वेळेत भरील अशी अपेक्षा बाळगायला पत्नीजवळ पुरेसे कारण होते का, हे पाहिले जाते. घरात आधीच कर्जांचे हप्ते थकलेले असतील आणि ते तिला ठाऊक असेल, तर अशी अपेक्षा वाजवी ठरत नाही.

छळाचा मुद्दा या सगळ्याची दिशा बदलू शकतो. मारहाण तर यात येतेच, पण सतत धाक दाखवणे, अपमान करणे, माणसांपासून तोडणे आणि घरातील पैशावर संपूर्ण ताबा ठेवून पत्नीला कागदपत्रांपासून दूर ठेवणे, हेही २०१३ च्या कार्यपद्धतीत विचारात घेतले जाते. भीतीमुळे तिला विवरणपत्राला हरकत घेता आली नाही असे दिसले, तर चूक माहीत असूनही ती गोष्ट तिच्या विरोधात धरली जात नाही. एच-४ व्हिसामुळे नोकरी करता न येणारी, स्वतःचे बँक खाते नसलेली आणि व्हिसासाठी पतीवर अवलंबून असलेली स्त्री आपली परिस्थिती अर्जात तपशीलवार मांडू शकते, आणि तिने ती मांडावी. पोलिसांतील तक्रार, न्यायालयाचा संरक्षण आदेश, डॉक्टरांची नोंद किंवा सगळे जवळून पाहिलेल्या मैत्रिणीचे लेखी निवेदन, जे हाताशी असेल ते जोडावे.

पिन परस्पर टाकून किंवा खोटी सही करून विवरणपत्र भरले गेले असेल, तर प्रश्न सुटकेचा नसून ते विवरणपत्र मुळात संयुक्त होते का, हा असतो. धाकदपटशाने घेतलेल्या सहीलाही तेच लागू पडते. असे सिद्ध झाले तर संयुक्त जबाबदारीच उरत नाही. मात्र दरवर्षी असेच चालत आले होते आणि पत्नीची त्याला मूक संमती होती असे दिसले, तर हा युक्तिवाद टिकत नाही.

मुदती

पहिल्या दोन मार्गांसाठी अर्जाची मुदत आयआरएसने अर्जदाराविरुद्ध पहिली वसुलीची कारवाई केल्यापासून दोन वर्षे आहे. साध्या मागणीपत्राने ही दोन वर्षे सुरू होत नाहीत. जप्तीचा इरादा आणि सुनावणीचा हक्क कळवणारी नोटीस, परताव्याची रक्कम जुन्या थकबाकीत वळती करणे किंवा न्यायालयात दावा, अशा गोष्टींनी ती सुरू होतात. जप्तीची नोटीस शेवटच्या ज्ञात पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवली की पुरे. ती प्रत्यक्ष हाती पडली नाही तरी मुदत धावू लागते. लग्न मोडल्यावर न्यू जर्सीचे घर सोडून नाशिकला परत आलेल्या स्त्रीची नोटीस त्या जुन्या घरीच जात राहणार. म्हणून फॉर्म ८८२२ भरून पत्ता बदलणे, हे अशा स्थितीत सर्वांत आधी उरकायचे काम आहे.

तिसऱ्या मार्गालाही आयआरएस पूर्वी हीच दोन वर्षांची अट लावत असे. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या घोटाळ्यात अडकलेल्या एका दंतवैद्याच्या पत्नीच्या प्रकरणात टॅक्स कोर्टाने २००९ मध्ये ती अट अवैध ठरवली आणि २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तरीही, टीका वाढल्यावर, आयआरएसने २०११ मध्ये स्वतःहून ती अट मागे घेतली. २०१९ च्या कायद्याने हा बदल संहितेतच आणला. आता कर वसूल करण्याची मुदत, म्हणजे साधारणपणे आकारणीपासून दहा वर्षे, संपेपर्यंत या मार्गाने अर्ज करता येतो. भरलेली रक्कम परत हवी असेल तर परताव्याच्या नेहमीच्या, त्याहून छोट्या मुदती लागू होतात.

अर्ज आणि त्यानंतर

अर्ज फॉर्म ८८५७ वर करायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. कोणता मार्ग हवा हे अर्जदाराला ठरवावे लागत नाही. एकाच अर्जावरून आयआरएस तिन्ही तपासते. हा अर्ज वार्षिक विवरणपत्राला जोडायचा नसून स्वतंत्रपणे पाठवायचा असतो. केंटकीतील कव्हिंग्टन येथील मध्यवर्ती विभाग त्यावर काम करतो आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. त्या काळात अर्जदारावरची जप्ती सहसा थांबते, व्याज मात्र चढतच राहते, आणि दहा वर्षांचे घड्याळही थांबते. वसुलीची मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील तर अर्ज करणे हिताचे आहे की नाही, हे जाणकाराला विचारूनच ठरवावे.

अर्ज घाईने अर्धवट पाठवू नये असे मी आग्रहाने सांगेन. एका वर्षाच्या करासाठी साधारणपणे एकदाच अंतिम निर्णय मिळतो. दुसऱ्यांदा अर्ज केला तर आयआरएस फेरविचार करू शकते, पण त्या फेरविचाराविरुद्ध टॅक्स कोर्टात जाण्याचा हक्क सहसा उरत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: आयआरएसला दुसऱ्या जोडीदाराला कळवावेच लागते. छळाच्या प्रकरणातही याला अपवाद नाही. त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. अर्जदाराचा नवा पत्ता, बदललेले नाव, फोन क्रमांक आणि नोकरीचे ठिकाण मात्र त्याला सांगितले जात नाही. प्रकरण टॅक्स कोर्टात गेले तर तिथे जोडीदाराला सहभागी होता येते, आणि न्यायालयाची कागदपत्रे उघडी असतात. म्हणून पत्ता गुप्त ठेवायचा असेल तर तशी विनंती न्यायालयाकडे वेगळी करावी लागते.

प्राथमिक निर्णय विरुद्ध गेला तर ३० दिवसांत आयआरएसच्या स्वतंत्र अपील विभागाकडे दाद मागता येते. अंतिम निर्णयाचे पत्र पाठवल्यापासून ९० दिवसांत टॅक्स कोर्टात याचिका करावी लागते, आणि सहा महिने उलटूनही निर्णय आला नसेल तर त्याची वाट न पाहता याचिका करता येते. ही ९० दिवसांची मुदत अर्जदार भारतात राहत असली तरी तेवढीच आहे. २०१९ पासून न्यायालय प्रकरण नव्याने तपासते, परंतु मुख्यतः आयआरएसपुढे आलेल्या कागदपत्रांवरून. नव्याने सापडलेला किंवा आधी मिळूच शकला नसता असा पुरावा तेवढा वर घेता येतो. याचा फायदा आयआरएसलाही होतो. २०२३ मधील एका प्रकरणात अर्जदार स्त्रीच्या स्वतःच्याच ब्लॉगवरील लिखाण आयआरएसने असा पुरावा म्हणून पुढे केले आणि टॅक्स कोर्टाने ते दाखल करून घेतले. आर्थिक ओढाताणीचा अर्ज आणि समाजमाध्यमांवरचे सहलींचे फोटो एकमेकांशी जुळतात का, हे पाहून ठेवलेले बरे.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी अल्प उत्पन्न करदात्यांची केंद्रे आहेत. ती एलआयटीसी या नावाने ओळखली जातात आणि मोफत किंवा नाममात्र शुल्कात मदत करतात.

या सुटकेत काय येत नाही

ही सुटका आयकर, स्वयंरोजगार कर आणि त्यांवरील व्याज-दंड यांपुरती आहे. परदेशी बँक खात्यांची माहिती देणारा एफबार अहवाल न भरल्याचा दंड वेगळ्या कायद्याखाली येतो, त्यामुळे भारतातील ज्या खात्यावर पत्नीचेही नाव आहे, त्याच्या दंडातून कलम ६०१५ तिला वाचवत नाही. राज्याचा आयकरही वेगळा असतो. कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना राज्याच्या खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि वॉशिंग्टनसह नऊ राज्यांत दांपत्याची मिळकत कायद्याने सामाईक मानली जाते, तेव्हा तिथे वेगळे विवरणपत्र भरूनही जोडीदाराच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा आपल्याकडे येऊ शकतो. त्यातून सुटण्यासाठी कलम ६६ आहे, आणि त्याचाही अर्ज फॉर्म ८८५७ वरच होतो.

जोडीदाराचे जुने विद्यार्थी कर्ज, मुलांच्या पोटगीची थकबाकी किंवा लग्नाआधीचा त्याचा कर वळता करून घेण्यासाठी संयुक्त परतावा अडवला गेला असेल, तर त्याचा इनोसंट स्पाउसशी संबंध नाही. तिथे ‘इंजर्ड स्पाउस’ म्हणून फॉर्म ८३७९ भरून परताव्यातला आपला वाटा मागायचा असतो. नावे सारखी वाटत असल्याने अनेक जण चुकीचा फॉर्म पाठवतात आणि त्यात महिने जातात.

जोडीदाराच्या हिशेबांबद्दल आताच शंका असेल, तर पुढच्या वर्षी ‘विवाहित, वेगळे विवरणपत्र’ हा पर्याय खुला आहे. त्यात कर थोडा जास्त पडतो. पण वेगळी भरलेली विवरणपत्रे नंतर, साधारण तीन वर्षांच्या आत, संयुक्त करून घेता येतात; संयुक्त भरलेले विवरणपत्र मात्र भरण्याची अंतिम तारीख उलटून गेल्यावर वेगळे करता येत नाही.